पिस्तूल रिकामे आहे हे दाखवता आले पाहिजे : नवोदित नेमबाजांसाठी साधने, छर्रे, काडतुसे आणि सुरक्षेचे नियम

शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा संपल्या की वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर आणि दादरला सावरकर स्मारकाच्या रेंजवर नवे चेहरे दिसू लागतात. बरोबर आलेले आई-वडील २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील मनू भाकर आणि स्वप्नील कुसाळे यांच्या कांस्यपदकांविषयी आवर्जून बोलतात आणि मग पहिला प्रश्न हमखास विचारतात, तो म्हणजे पिस्तूल कोणते घ्यावे. त्या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु पिस्तूल विकत घेण्याआधी ते रिकामे आहे हे स्वतः पाहण्याची आणि शेजाऱ्याला दाखवण्याची रीत शिकावी, असा माझा आग्रह आहे. रेंजवर "रिकामे आहे" या शब्दांवर कोणी विसंबत नाही आणि विसंबू नये. प्रशिक्षकाने हातात दिलेले पिस्तूलसुद्धा घेणाऱ्याने पुन्हा उघडून पाहायचे असते, आणि त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

या कामासाठी सेफ्टी फ्लॅग असतो. हवेच्या दाबाने छर्रा फेकणाऱ्या एअर पिस्तुलाचा फ्लॅग म्हणजे नारिंगी किंवा तशाच भडक रंगाची जाड दोरी. ती छर्रा भरण्याच्या बाजूने आत घालायची आणि नळीच्या तोंडातून बाहेर काढायची. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे ती संपूर्ण नळीभर पुरेल इतकी लांब असावी लागते, आणि नेमबाजीची परवानगी मिळालेली वेळ सोडली तर पिस्तुलात ती सतत असावी लागते. पुष्कळ जणांना हा निव्वळ औपचारिकतेचा भाग वाटतो. पण दोरी दोन्ही टोकांना दिसली, याचा अर्थ नळीत छर्रा नाही, हे दहा पावलांवरच्या माणसालाही न विचारता कळते. काही वर्षांपूर्वी सराव संपताना लोकल गाठण्याच्या घाईत मी पिस्तूल पेटीत ठेवू लागलो, तेव्हा दोरी अर्ध्यावरच अडली. शेवटचा छर्रा मी भरला होता, तेवढ्यात "स्टॉप" ऐकू आले होते आणि तो छर्रा झाडला गेला असे मी मनाशी धरून चाललो होतो. दोरी अडली नसती तर ते भरलेले पिस्तूल माझ्याबरोबर घरी आले असते. त्या दिवसापासून दोरी दोन्ही टोकांना दिसल्याशिवाय मी पेटीचे झाकण लावत नाही.

असा प्रसंग आल्यास छर्रा स्वतःच्या बुद्धीने झाडून टाकू नये. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून दुसरा हात वर करावा, रेंज ऑफिसरला बोलवावे आणि त्याने परवानगी दिल्यावर तो सांगेल त्या पद्धतीने नळी मोकळी करावी. "स्टॉप"नंतर झाडलेली गोळी स्पर्धेत शून्य धरली जाते, हा त्यातला लहानसा तोटा झाला. खरा धोका हा की "स्टॉप" म्हटल्यावर आजूबाजूच्या सर्वांनी आपापली शस्त्रे खाली ठेवलेली असतात आणि आता काही सुटणार नाही असे गृहीत धरलेले असते.

पेटी उघडायची ती नेमबाजीच्या जागेवर, टेबलापाशी, आणि उघडताना नळी लक्ष्याच्या दिशेलाच येईल अशी ठेवून. चहाच्या टेबलावर किंवा मागच्या बाकावर मित्राला दाखवण्यासाठी पेटी उघडू नये. बोट ट्रिगरवर तेव्हाच जावे, जेव्हा पिस्तूल लक्ष्याकडे रोखलेले असेल आणि झाडण्याचा निर्णय झालेला असेल; एरवी ते ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे ट्रिगरगार्डच्या बाहेर, पिस्तुलाच्या कडेला सरळ ठेवलेले असावे. नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या पुढे कोणीही गेले असेल, मग ते कागदी लक्ष्य बदलायला का असेना, तर त्या वेळी पिस्तुलाला कशासाठीही हात लावायचा नाही, अगदी साइटचा, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवण्यासाठीसुद्धा नाही. कोणी पुढे जाण्याआधीच पिस्तुलात फ्लॅग घालावा, टेबलापासून मागे सरकावे आणि माणूस परत येईपर्यंत थांबावे. "लोड", "स्टार्ट", "स्टॉप" आणि "अनलोड" या आज्ञा सगळीकडे इंग्रजीतच दिल्या जातात. त्यांतील "स्टॉप" ही आज्ञा मात्र धोका दिसल्यास कोणीही, अगदी पहिल्याच दिवशी आलेल्या मुलानेही, मोठ्याने द्यावी, असे मी नव्या मुलांना सांगतो.

पिस्तूल, मूठ आणि ट्रिगर

सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने करावी. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे हे पिस्तूल एकाच हाताने धरून झाडायचे असते. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅम वजनाइतका जोर लागावा लागतो आणि संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत बसावे लागते. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात. महिलांसाठी पूर्वी ४० गोळ्या असत, २०१८ पासून त्यांच्याही ६० झाल्या. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा असतो.

मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ आणि पार्दिनी ही नावे रेंजवर सतत कानी पडतात. ही पिस्तुले महाग असतात, आणि पहिले सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करून मगच खरेदी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या सर्व पिस्तुलांची अचूकता नवोदिताच्या हाताच्या अचूकतेपेक्षा कितीतरी पुढे असते. गुण कमी येतात ते बहुधा मूठ हाताला न बसल्यामुळे आणि ट्रिगर ओढताना साइट हलल्यामुळे. हा हिशेब एकदा समजून घ्यावा. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर साधारण ३०० मिलिमीटरच्या थोडे वर असते आणि लक्ष्य १०,००० मिलिमीटरवर असते. त्यामुळे फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी छर्रा लक्ष्यावर सुमारे ३० मिलिमीटर बाजूला पडतो, म्हणजे दहाऐवजी सात किंवा सहाच्या वर्तुळात. संपूर्ण हात मात्र समांतर राहून एक मिलिमीटर हलला, तर छर्रा एकच मिलिमीटर हलतो आणि दहा कायम राहतात. म्हणूनच दृष्टी लक्ष्याच्या काळ्या गोळ्यावर न ठेवता फ्रंट साइटवर ठेवावी, तो गोळा थोडा अस्पष्ट दिसला तरी चालेल. चष्मा असणाऱ्याने नेत्रतज्ज्ञाकडे जाताना हात ताठ केल्यावर फ्रंट साइट डोळ्यापासून किती अंतरावर येते ते मोजून न्यावे. नेहमीचा दूरचा नंबर या कामाला पुरतोच असे नाही.

मूठ लाकडी असते आणि ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. ती तळहाताला सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. कुठे पोकळी राहिली तर लाकडाची लापी भरून आणि कुठे टोचत असेल तर पॉलिश पेपरने घासून ती बसवावी. हे काम एका दिवसात होत नाही. थोडे घासावे, आठवडाभर झाडून पाहावे आणि मगच पुन्हा हात लावावा, कारण घासलेले लाकूड परत आणता येत नाही. तळहाताखालची फळी सरकती असते, ती हात आवळून धरेल इतकी वर आणू नये. मुठीने मनगटाला कोणताही आधार देता कामा नये, हा नियम आहे. त्यामुळे झाडणाऱ्या हातात घड्याळ किंवा कडे घालता येत नाही. घोटा झाकणारे उंच बूटही चालत नाहीत. पायात सपाट, लवचिक तळव्याचे साधे बूट पुरतात. पहिल्या वर्षी त्याहून अधिक खर्च पादत्राणांवर करण्याची गरज नाही.

ट्रिगरच्या ५०० ग्रॅमविषयी गैरसमज फार आहेत. स्पर्धेत नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि ते सपाट पृष्ठभागावरून उचलले गेले पाहिजे. त्यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. एअर पिस्तुलाच्या बाबतीत ही तपासणी हवेचा दाब चालू असताना होते. ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमवर लावून ठेवणारे मूल तपासणीच्या रांगेत घामाघूम होते, कारण प्रवासात आणि हवामानातल्या फरकाने तो थोडा हलका झालेला असू शकतो. प्रशिक्षकासमोर, रेंजवर, तो ५१० ते ५२० ग्रॅमच्या आसपास ठेवावा आणि दर महिन्याला तपासावा. काही पिस्तुलांना इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असतो; तो घेतल्यास जादा बॅटरी पेटीत हवीच. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, हे सर्वांना आठवत असेल. ॲलन चाव्यांचा संच, ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी), हवेचा जादा सिलिंडर आणि जादा फ्लॅग एवढे सामान तरी प्रत्येकाकडे असावे.

सिलिंडरमध्ये हवा २०० बार दाबापर्यंत भरतात. त्यावर छापलेली मुदत वाचावी. ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सरावातही वापरू नये, कारण एवढा दाब धरणारे धातूचे भांडे जुने झाले की बाहेरून पाहून त्याचा भरवसा देता येत नाही. हवा हळूहळू भरावी, जोडणी घट्ट असल्याची खात्री करावी आणि आट्यांना घरातले शिलाई मशीनचे तेल कधीही लावू नये. दाबाखालची हवा आणि खनिज तेल एकत्र आल्यास पेट घेण्याचा धोका असतो. मुंबईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओलावा काढणारी गाळणी नसलेल्या पंपाने भरलेला सिलिंडर आतून पाणी धरतो, आणि पुढे तेच पाणी हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत जाऊन दाब कमी-जास्त करू लागते.

छर्रे

स्पर्धेतील छर्रा शिशाचा आणि सपाट डोक्याचा असतो, त्यामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडते आणि गुण वाचता येतात. वजन साधारण अर्धा ग्रॅम. पिस्तुलासाठीचे छर्रे त्याहूनही किंचित हलके असतात. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असा डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, आणि कोणता व्यास आपल्या नळीला मानवतो हे झाडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पिस्तूल पकडीत घट्ट बसवून प्रत्येक प्रकारचे दहा-दहा छर्रे झाडावेत आणि ज्याच्या भोकांचा समूह सर्वांत लहान पडेल तो घ्यावा. ही सोय नसेल तर नव्या नेमबाजाने त्यात डोके घालू नये, आर.डब्ल्यू.एस., एच अँड एन किंवा जे.एस.बी. यांचा सरावाचा डबा घ्यावा आणि वर्षभर तोच वापरावा. स्पर्धेसाठी मात्र एकाच लॉट क्रमांकाचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, पुरेसे डबे एकदम घ्यावेत. डब्यात सहसा ५०० छर्रे असतात आणि चाचणीचे धरून ते सहा-सात पूर्ण सरावांत संपतात.

छर्ऱ्याचा मागचा घेर कागदासारखा पातळ असतो. डबा पडला, पिशवीत खडखडत राहिला किंवा छर्रे एका डब्यातून दुसऱ्यात ओतले, की तो घेर चेपतो आणि छर्रा भरकटतो. डब्यात फोमचा तुकडा घालून छर्रे हलणार नाहीत असे ठेवावेत आणि भरताना प्रत्येकाकडे क्षणभर पाहावे. पावसाळ्यात शिशावर पांढरी पूड धरते. असे छर्रे बाजूला काढावेत, ते हाताने चोळून वापरू नयेत.

शिसे विषारी आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. छर्रा ओठांत धरून ठेवण्याची सवय मी मोठ्या माणसांतही पाहिली आहे आणि ती तत्काळ मोडली पाहिजे. रेंजवर बसून वडापाव खाऊ नये, पाण्याची बाटली टेबलावर उघडी ठेवू नये, आणि बाहेर पडताना साबण आणि थंड पाण्याने हात व तोंड धुवावे. रेंजची जमीन कोरड्या झाडूने झाडल्यास शिशाची धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसण्याचा आग्रह क्लबकडे धरावा. घरी गेल्यावर लहान भावंडाला उचलण्याआधी कपडे बदलावेत.

पॉइंट टू-टू आणि काडतुसे

२५ मीटरचे पिस्तूल ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे आपण ज्याला पॉइंट टू-टू म्हणतो ते असते. वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक पटकावले. रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. इतक्या वेगात हात चालवायचा असेल, तर सुरक्षेच्या कृती विचार न करता घडाव्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात.

येथे पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढायचे, मग काडतूस आत ढकलणारा बोल्ट मागे ओढायचा, मग डोळ्यांनी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीत, पाहायचे आणि मग फ्लॅग घालायचा. मॅगझिन आत असताना बोल्ट ओढला, तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस आत ढकलतो. पिस्तूल रिकामे झाल्यासारखे वाटते आणि ते भरलेले असते. नव्या नेमबाजाला मी हा क्रम रिकाम्या पिस्तुलावर पन्नास वेळा करायला लावतो.

या काडतुसांची स्फोटक पूड तळाच्या कडेत पसरलेली असते, म्हणून कडेवर आघात होईल अशा रीतीने ती हाताळू नयेत आणि खिशात नाण्यांबरोबर ठेवू नयेत. स्पर्धेत फक्त शिशाच्या किंवा तशाच मऊ गोळ्या चालतात. पिस्तुलासाठी आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची काडतुसे घ्यावीत. त्यांचा धक्का कमी असतो. ट्रिगर ओढूनही गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबावे, कारण क्वचित प्रसंगी स्फोट उशिरा होतो. त्यानंतर रेंज ऑफिसरसमोर ते रिकामे करावे. याहून धोकादायक गोष्ट म्हणजे नेहमीपेक्षा दबका आवाज. तसा आवाज आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. ताबडतोब थांबावे, हात वर करावा आणि नळी तपासून घ्यावी. कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा इथे प्रत्येकाला हवा, नुसते पाहायला उभ्या राहिलेल्या पालकांनाही.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही पिस्तुलांत मोठा फरक आहे. स्पर्धेच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. २०१६ च्या शस्त्र नियमांतील मर्यादा २० ज्यूल असल्याने त्याला परवाना लागत नाही. तरीही सहा ज्यूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे आहेत, हे विसरू नये. पॉइंट टू-टू मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. त्यासाठी मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून परवाना घ्यावा लागतो आणि काडतुसे त्या परवान्यावर नमूद केलेल्या संख्येपर्यंतच मिळतात. क्लबचे सदस्यत्व, स्पर्धांतील गुणांची प्रमाणपत्रे आणि राज्य संघटनेची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जपून ठेवावीत. राज्य स्पर्धा आणि त्यापुढची मावळंकर स्पर्धा, जी राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या नावाने भरते, यांतील गुणपत्रके पुढे उपयोगी पडतात.

घर आणि प्रवास

मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात पिस्तूल ठेवायचे म्हणजे कुलूप लागणारी पेटी, तीही मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. छर्रे किंवा काडतुसे दुसऱ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. घरी ड्राय फायरिंगचा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढण्याचा, सराव जरूर करावा, ६० गोळ्यांच्या सरावाइतकाच त्याचा लाभ होतो. मात्र त्या वेळी खोलीत एकही छर्रा नसावा, दाराकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे पिस्तूल रोखू नये आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यावा. समोरच्या इमारतीतून एखाद्याला हातात पिस्तूल धरलेला माणूस दिसला तर तो पोलिसांना कळवेल, आणि त्याचे ते वागणे योग्यच ठरेल.

लोकलमध्ये पेटी साध्या पिशवीत, कुलूपबंद ठेवून न्यावी. स्थानकावर तपासणी झाल्यास क्लबचे ओळखपत्र, खरेदीची पावती आणि पॉइंट टू-टू असल्यास परवाना आधी हातात द्यावा. पेटी पोलिसांनी सांगितल्यावरच उघडावी आणि पिस्तुलाला स्वतःहून हात न लावता, त्यात असलेला फ्लॅग त्यांना दाखवावा. विमानाने जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा करून न्यावा लागतो, म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरण्याची सोय आहे का, हे निघण्याआधी आयोजकांना विचारून ठेवावे. परतल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, पिस्तूल पेटीतून बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावे आणि पेटीच्या फोममध्ये ओल धरली नाही ना ते बोटाने दाबून पाहावे; सिलिका जेलची पुडी दर महिन्याला बदलावी. मग सरावाच्या वहीत तारीख, छर्ऱ्याचा लॉट क्रमांक, सिलिंडरचा दाब आणि ट्रिगरचे वजन लिहावे, फ्लॅग दोन्ही टोकांना दिसतो आहे हे पुन्हा एकदा पाहावे आणि कुलूप लावावे.